पाऊस लागण्याआधी वायपर पाहा!

मे महिना संपत आला की घरोघरी पावसाळ्याची तयारी सुरू होते. पत्र्याच्या भोकांना डांबर लागते, माळ्यावरची छत्री खाली काढून तिच्या काड्या तपासल्या जातात, मुलांच्या रेनकोटाची बटणे शिवली जातात. ज्या घरातला कर्ता माणूस स्टिअरिंगवर पोट भरतो त्या घरातही हे सगळे होते. पण त्याच्या गाडीच्या काचेवर पडून राहिलेल्या दोन काळ्या पट्ट्यांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ऑक्टोबरपासून मेपर्यंत त्यांना काम नसते. आठ महिने त्या उन्हात करपत असतात, आणि जूनच्या पहिल्या सरीत आपण खटका दाबून त्यांच्याकडून एकदम चोख कामाची अपेक्षा करतो.

आमच्या ओळखीचे एक टेम्पोचालक आहेत. भाजीचा माल घेऊन रात्रीचे नाशिकहून मुंबईला येतात. गाडी मालकाची, हे फक्त चालक. एका जुलैमध्ये कसारा घाट उतरत असताना उजव्या बाजूच्या वायपरचे रबर फाटून लोंबू लागले. दर फेरीला ते काचेवर फटका मारी आणि मागे पाण्याचा पडदा ठेवून जाई. समोरून ट्रकचे दिवे आले की सगळी काच पांढरी होई. गाडी थांबवावी तर घाटात कडेला जागा नाही, आणि मागून दुसऱ्या गाड्या. शेवटी डावीकडे सरकून, मान क्लीनरच्या काचेकडे वाकवून त्यांनी तो घाट उतरला. खाली आल्यावर पाय लटपटत होते असे ते सांगतात. विशेष म्हणजे ते रबर फाटायला आले आहे हे त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच पाहिले होते. मालकाला सांगितलेही होते. मालक म्हणाला, ‘पुढच्या फेरीला बघू.’

थोडा हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. तीन सेकंद काच धूसर राहिली तर आपण ५० मीटर अंतर न पाहताच कापले. या ५० मीटरमध्ये शाळेतून येणारी मुले असू शकतात, बंद पडलेला ट्रक असू शकतो, खड्डाही असू शकतो. तेव्हा वायपर ही शोभेची वस्तू नाही. ब्रेकइतकीच ती महत्त्वाची आहे असे आम्ही समजतो.

आता या यंत्राचा थोडा इतिहास. तो मनोरंजक आहे म्हणून, आणि आपल्या मुलींनी वाचावा म्हणूनही. वायपरचे पेटंट अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंच्या नावावर आहे. अलाबामा राज्यातल्या या बाई हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असता त्यांनी पाहिले की ट्रामचा चालक काचेवर साचलेला बर्फ बाजूला करायला सारखा खिडकी उघडतो आणि स्वतः गारठतो. त्यांनी आतून दांड्याने फिरवायचा, रबर लावलेला हात तयार केला. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळाले. १९०५ साली एका कॅनेडियन कंपनीने ‘याला व्यापारी किंमत नाही’ असे सांगून ते नाकारले. पुढे मोटारी वाढल्या, वायपर सगळीकडे बसले, पण तोवर पेटंटची मुदत संपली होती. बाईंना त्यातून पैसा मिळाला नाही. आपल्याकडच्या जुन्या रिक्षांमध्ये हाताने दांडा फिरवायचा वायपर ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी मेरी अँडरसनचीच युक्ती पाहिली असे म्हणायला हरकत नाही. एका हाताने रिक्षा आणि दुसऱ्या हाताने वायपर, अशा पावसात ज्यांनी मुले वाढवली त्यांना त्याचे मोल ठाऊक आहे.

थांबून थांबून फिरणारा वायपर, म्हणजे रिमझिम पावसात आपण लावतो तो, रॉबर्ट कर्न्स नावाच्या अमेरिकन अभियंत्याचा. त्यांची एक डोळा अधू होता आणि पापणी जशी मधूनमधून मिटते तसा वायपर का फिरू नये, असा विचार त्यांना सुचला. १९६७ मध्ये पेटंट मिळाले. मोठ्या मोटार कंपन्यांनी ती कल्पना वापरली, हे मात्र कोर्टात झगडत राहिले. १९९० साली फोर्ड कंपनीकडून त्यांना १ कोटी २ लाख डॉलर मिळाले. असो. आपण आपल्या गाडीकडे वळू.

बोनेटखाली, काचेच्या पायथ्याशी एक मोटर असते. ती गोल फिरते. तिच्या दांड्यांमुळे ते गोल फिरणे डावे-उजवे होते आणि बाहेरचे दोन हात हलतात. हाताच्या टोकाला ब्लेड, आणि ब्लेडमध्ये रबराची बारीक पट्टी. काच पुसते ती फक्त ही पट्टी. बाकी सगळा पसारा तिला काचेवर दाबून धरण्यासाठी आहे. म्हणून दहातल्या बहुतेक तक्रारी या पट्टीपाशी किंवा काचेपाशीच मिटतात, मोटरपर्यंत जावे लागत नाही. गॅरेजवाल्याने ‘मोटर गेली’ असे म्हणण्याआधी हे लक्षात ठेवावे.

काचेवर बारीक रेघा उरत असतील तर आधी रबराच्या धारेला मातीचे कण चिकटले आहेत का पाहा. ओल्या फडक्याने धार चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसा. फडके काळे होते, त्याने घाबरू नका. दोन-तीन वेळा पुसल्यावरही रेघ त्याच जागी उरत असेल तर रबराला तिथे चीर पडली आहे. चीर पुसून जात नाही, रबर बदलावेच लागते. वायपर फिरताना थडथड उडत असेल, तर एक तर रबर कडक झाले आहे, नाही तर काचेवर तेलकट थर आहे. रबर बोटाने वाकवून पाहा. नवे रबर मऊ असते, सोडले की सरळ होते. करपलेले रबर एका बाजूला वाकलेलेच राहते. उन्हात गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहिली की असे होते. काचेचा मधलाच एक पट्टा पुसला जात नसेल तर रबराला दोष देऊ नका. ब्लेड वाकले आहे किंवा हाताची स्प्रिंग ढिली पडून दाब कमी झाला आहे.

तेलकट थराबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण नवे ब्लेड घालूनही ‘काच साफ होत नाही’ म्हणून दुकानदाराशी भांडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. रस्त्यावर डिझेलच्या गाड्यांचा धूर असतो, पुढच्या ट्रकचे तेल उडते, धुण्याच्या सेंटरवर मेण किंवा पॉलिश लावतात. या सगळ्याचा न दिसणारा थर काचेवर बसतो. दिवसा कळत नाही. रात्री समोरचा दिवा पडला की इंद्रधनुष्यासारखी चकाकी दिसते. ओळखायचे कसे? काचेवर तांब्याभर पाणी ओता. पाणी सारखे पसरून खाली उतरले तर काच स्वच्छ. जागोजागी तुटून थेंब थेंब झाले तर तिथे थर आहे. केसांच्या शाम्पूचे किंवा भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे दोन-चार थेंब अर्ध्या बादलीत टाका, मऊ फडक्याने काच चोळा आणि भरपूर पाण्याने धुवा. साबण राहिला तर पुन्हा तोच घोळ. शेवटी जुन्या वर्तमानपत्राचा बोळा ओला करून फिरवला तर काच चांगली निघते. भांड्यांची घासणी, राख किंवा माती काचेला कधीही लावू नये. पडलेले ओरखडे जन्मभर राहतात, आणि रात्री तेच ओरखडे समोरच्या दिव्याने पेट घेतात.

जुन्या चालकांची एक युक्ती आहे. वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू चोळायची, किंवा बटाटा चिरून फिरवायचा. यात खोटे काही नाही. पाण्याचे थेंब न होता पातळ पडदा होतो आणि थोडा वेळ दिसते. ही युक्ती पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत पोहोचायला उपयोगी आहे. तिच्या भरवशावर हंगाम काढणारे महाभागही आहेत, त्यांना आमचा सलाम दुरूनच! पण रबर मऊ करायला रॉकेल, डिझेल, पेट्रोल किंवा ग्रीस लावण्याची जी पद्धत आहे ती मात्र साफ चुकीची. रबर फुगते, सैल होते आणि तेलाचा थर काचेवर जाऊन बसतो. पॉलिशपेपरने धार घासणेही तसेच. दोन दिवस बरे वाटते, मग पूर्वीपेक्षा जास्त रेघा येतात.

रबर बदलणे घरच्या घरी जमते. दुकानात दोन गोष्टी मिळतात, पूर्ण ब्लेड आणि नुसती रबराची पट्टी, जिला रिफिल म्हणतात. ब्लेडचा सांगाडा सरळ असेल, गंजला नसेल, तर रिफिल पुरते आणि बरेच स्वस्त पडते. पण सांगाडा वाकला असेल तर तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. दुकानात जाताना जुन्या ब्लेडची लांबी टेपने इंचांत मोजून न्या. दोन्ही बाजूंची मोजा, कारण पुष्कळ गाड्यांत चालकाकडचे ब्लेड लांब आणि डावीकडचे आखूड असते. शक्य असेल तर जुने ब्लेडच काढून दुकानदाराला दाखवा, म्हणजे हुकाचा प्रकारही चुकत नाही.

काढताना एक जपायचे. हात काचेपासून उचलला की तो स्प्रिंगमुळे उभा राहतो. ब्लेड काढल्यावर टोकाला नुसते लोखंड उरते. त्याला धक्का लागून तो हात काचेवर आपटला तर काच तडकते, आणि शंभर-दोनशेच्या कामाला हजारो रुपयांचा खड्डा पडतो. म्हणून आधी काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवा, मगच ब्लेड काढा. आजूबाजूला लहान मुले असतील तर हात उभा सोडून चहा प्यायला जाऊ नका.

आता वायपर मुळीच हलत नसेल तर? चावी लावून खटका दाबा आणि कान द्या. मोटरचा आवाज येतो पण हात हलत नाहीत, असे असेल तर हाताच्या बुडाशी असलेली प्लॅस्टिकची टोपी काढा. खाली नट असतो. तो ढिला होऊन हात दात्यांवरून घसरत असतो. हात पूर्वी जिथे विसावत होता तिथेच बसवून नट पान्याने घट्ट करा. एक हात चालतो आणि दुसरा चालत नाही, अशी तक्रार बहुधा या नटाचीच असते, नाही तर आतल्या दांड्याचा सांधा निसटलेला असतो. खटका बंद केल्यावर वायपर खाली न जाता काचेच्या मध्येच थांबत असेल तर मोटरमधल्या, त्याला जागेवर आणून थांबवणाऱ्या स्विचचा किंवा रिलेचा दोष असतो. हे काम वायरमनचे.

मोटरचा आवाजच येत नसेल तर प्रथम फ्यूज पाहा. गाडीच्या पुस्तिकेत किंवा फ्यूजच्या झाकणावर चित्र असते. जळलेल्या फ्यूजमधली तार तुटलेली दिसते. त्या जागी तितक्याच अँपिअरचा नवा फ्यूज घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून ‘काम भागवणे’ ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. फ्यूज जळतो तो गाडी वाचवण्यासाठी. त्याच्या जागी तार घातली की पुढच्या वेळी वायरिंग जळते, आणि गाडीला आग लागते. नवा फ्यूजही लगेच गेला तर आणखी फ्यूज घालत बसू नका. मोटर जाम आहे किंवा कुठे वायर घासली आहे, ते आधी शोधा.

मोटर जाम का होते याचे एक कारण झाडाखाली सापडते. आपल्याकडे मे-जूनमध्ये गुलमोहर फुलतो आणि त्याच्या पाकळ्या, पाने, शेंगांचा कचरा काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीत साचतो. पाणी जायचे भोक बुजते. पावसाचे पाणी तिथेच तुंबते आणि दांड्यांचे सांधे व मोटर गंजतात. वायपर हळूहळू संथ होतो, आणि एक दिवस बंद. आठवड्यातून एकदा हाताने तो कचरा उपसला तर हे टळते. त्याला ना पाना लागतो ना पैसे.

आता पाणी मारणाऱ्या यंत्राकडे येऊ. आपले लोक याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात. टाकीत पाणी भरलेले नसतेच! पण खरे पाहता पहिल्या पावसाच्या आधी, मे महिन्याच्या धुळीत आणि पहिल्या दोन-चार सरींच्या चिखलात याचीच गरज असते. कोरड्या काचेवर धूळ असताना वायपर फिरवणे म्हणजे काचेवर पॉलिशपेपर फिरवणे. विदर्भात आणि मराठवाड्यात ज्यांच्या गाड्या आहेत त्यांच्या काचेवर वायपरच्या फेरीइतके अर्धगोल ओरखडे दिसतात ते यामुळेच. आधी पाणी, मग वायपर, हा क्रम अंगवळणी पाडावा.

पाणी येत नसेल तर शोध असा घ्यावा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, चावी फक्त चालू. घरातल्या एका मोठ्या माणसाला आत बसवून पाण्याचा खटका दाबायला सांगा आणि तुम्ही बोनेट उघडून उभे राहा. बहुतेक गाड्यांत पाण्याबरोबर वायपरही फिरतो, म्हणून काच आधी ओली करून ठेवा आणि बोटे वायपरच्या दांड्यांपासून लांब ठेवा. टाकीच्या बुडाशी पंप असतो. तो गुणगुणतो का ऐका.

पंप गुणगुणतो पण पाणी नाही, असे असेल तर विजेचा दोष नाही. टाकी रिकामी आहे का ते पाहा. हसू नका, निम्म्या वेळा तेच असते. टाकी भरलेली असेल तर नॉझलखालचा पाइप हाताने उपसा आणि पुन्हा खटका दाबायला सांगा. पाइपातून पाण्याची धार जोरात आली, तर नॉझल तुंबले आहे. बारीक टाचणी किंवा शिवणाची सुई हलक्या हाताने भोकात फिरवा. जोर करू नका, भोक मोठे झाले तर धार फवाऱ्याऐवजी ओघळ होते. पाइपातूनही पाणी आले नाही, तर मागे मागे जा. बोनेटच्या बिजागरीपाशी पाइप मुडपला असेल, जोडाचा टी निघाला असेल, किंवा उंदराने पाइप कुरतडला असेल. चाळीत, वस्तीत, कुठेही रात्री गाडी उभी करणाऱ्यांना उंदराची ओळख करून द्यायला नको. उबदार बोनेट त्याला आवडते. कुरतडलेला तुकडा कापून, माशांच्या काचेच्या टाकीला हवेसाठी लावतात तो बारीक पाइप घालून काम चालू करता येते. बहुधा तो बरोबर बसतो, पण न्यायला जुना तुकडा घेऊन जा. पाणी सुरू व्हायला चार-पाच सेकंद लागत असतील तर पाइपातले पाणी परत टाकीत उतरते आहे. त्यासाठी बसवलेला झडपेचा लहान जोड बिघडला आहे किंवा कुठे हवा शिरते आहे. मागच्या काचेलाही पाणी असलेल्या गाड्यांत पुढे पाणी येते आणि मागे येत नाही, तेव्हा मागच्या दाराच्या बिजागरीपाशी पाइप आधी पाहावा. दार उघडझाप करून तिथेच तो तुटतो.

पंप गुणगुणतच नसेल तर फ्यूज, मग पंपाला जाणारा वायरचा प्लग, तिथे हिरवट गंज चढला आहे का, हे पाहा. प्लग काढून, पुसून पुन्हा घट्ट बसवा. तरीही नाही, तर वायरमनकडे टेस्ट लॅम्प असतो. तो लावल्यावर खटका दाबताच दिवा लागला तर वीज पोचते आहे, म्हणजे पंप गेला. दिवा लागला नाही तर खटका किंवा वायर. हे दोन प्रश्न वायरमनला नक्की विचारा. वीज पोचते आहे का न पाहता नवा पंप विकणारेही असतात. पंपाच्या बुडाशी रबराची एक वळी असते. ती कडक झाली की टाकीतले पाणी रात्रभर झिरपते, आणि आपण म्हणतो टाकी फुटली. टाकी बदलण्याआधी ती वळी बदलून बघा.

टाकी रिकामी असताना खटका दाबून ठेवू नका. पंप कोरडा फिरतो आणि लवकर जातो.

टाकीत घालायचे काय? बोअरचे पाणी असेल तर क्षार साचून नॉझल बुजतात. उकळून, गार करून, गाळलेले पाणी किंवा घरात फिल्टर असल्यास त्याचे पाणी घाला. बुजलेल्या नॉझलला पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे करून थोडा वेळ लावले तर क्षार सुटतो, मग धुऊन काढा, रंगावर राहू देऊ नका. दुकानात काच साफ करायचे द्रावण मिळते, ते बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घाला. ते परवडत नसेल तर टाकीभर पाण्याला शाम्पूचे तीन-चार थेंब पुरे. कपडे धुण्याची पावडर घालू नका, तिचे कण विरघळत नाहीत आणि फेस काचेवर सुकतो. पाण्याला हिरवा शेवाळी वास येत असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून दोनदा धुवा. लडाखसारख्या थंड भागात गाडी नेणाऱ्यांनी मात्र साध्या पाण्यावर राहू नये. ते गोठते आणि टाकी व पंप फोडते. तिथे न गोठणारे द्रावण लागते. गोठलेल्या काचेवर उकळते पाणी ओतायचा मोहही टाळावा, काच तडकते.

आणखी एक गोष्ट घरातल्या सर्वांनी वाचावी. बोनेटखाली दोन प्लॅस्टिकच्या टाक्या बऱ्याचदा सारख्याच दिसतात. एकीच्या झाकणावर काच आणि फवाऱ्याचे चित्र असते, ती आपली. दुसरी रेडिएटरच्या कूलंटची. हिरव्या किंवा लाल रंगाचा तो कूलंट वायपरच्या टाकीत घातला तर काचेवर तेलकट डाग पडतात, आणि वायपरचे साबणपाणी रेडिएटरमध्ये गेले तर इंजिनचे नुकसान होते. इंजिन गरम असताना ते झाकण उघडू नये, वाफेने चेहरा भाजतो. आणि कूलंट विषारी असतो, पण चवीला गोडसर. उरलेला कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवण्याची चूक कोणी करू नये. लहान मूल बाटली ओळखत नाही.

पावसात काच आतून धूसर होते, तेव्हा पुष्कळ जण वायपर जोरात लावतात. त्याचा उपयोग नाही, कारण ते पाणी आपल्याच श्वासाचे, आतल्या बाजूचे. हवेचा झोत काचेकडे वळवा, ए.सी. असेल तर लावा. नसेल तर खिडकी बोटभर खाली घ्या. हाताने पुसले की हाताचा तेलकटपणा काचेवर राहतो आणि पुढच्या वेळी तिथेच जास्त धूसर होते. कोरडे फडके गाडीत ठेवा.

शेवटी त्या टेम्पोचालकाकडे परत येतो. त्यांचे सगळ्यांत मोठे दुखणे रबर नव्हते, मालक होता. दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्या आपल्या बांधवांना हे माहीत असावे, की १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीला चालू वायपर असणे बंधनकारक आहे, आणि टेम्पो, टॅक्सी, ट्रक यांच्या पासिंगच्या वेळी तो पाहिला जातो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १९० धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर आणण्याबद्दल आहे. ते फक्त चालवणाऱ्याला लागू नाही. दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असे असताना, जो गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो त्यालाही ते लागू आहे. अपघातात कोणाला इजा झाली तर कैदेचीही तरतूद आहे. मालक पुढच्या फेरीला बघू म्हणतो तेव्हा त्याला हे शांतपणे सांगता येते.

नुसते तोंडी सांगून मात्र थांबू नका. ज्या दिवशी दोष दिसला त्या दिवशीची तारीख, गाडीचा नंबर आणि ‘उजव्या वायपरचे रबर फाटले आहे, बदलून मिळावे’ एवढे एक वाक्य कागदावर लिहून मालकाला द्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. आजकाल सगळ्यांकडे मोबाइल आहे, त्यावर संदेश आणि फोटो पाठवला तरी चालेल. लिहायला अडचण असेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीकडून लिहून घ्या. त्या टेम्पोचालकांच्या मुलीने असा संदेश लिहिला. ती तेव्हा नववीत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मालकाचा माणूस दोन नवी ब्लेड घेऊन दारात उभा होता. ती बसवली मात्र तिनेच, काचेवर टॉवेल ठेवून.